प्रकृती, प्रवास आणि पोटकलमे

ज्या काळी समुद्र ओलांडणे हे पातक गणले जात असे, त्या काळी विलायतेहून परतलेल्या गृहस्थाला पंचगव्य प्राशन करून, ब्रह्मवृंदाला दक्षिणा देऊन आणि ज्ञातिबांधवांना भोजन घालून शुद्ध व्हावे लागे. या साऱ्या विधीत उपद्रव पुष्कळ असला तरी एक सोय निश्चित होती, ती ही की प्रायश्चित्ताचा खर्च प्रवास सुखरूप पार पडल्यानंतर करावयाचा असे, आणि जो वाटेतच खपला त्याला तो आपोआप माफ होई. आता धर्मशास्त्राचे आसन विमाशास्त्राने बळकावले असून या नव्या शास्त्राने प्रायश्चित्त आगाऊ उरकून घेण्याचा प्रघात पाडला आहे. पातक घडो वा न घडो, दक्षिणा प्रस्थानापूर्वी मोजावी लागते, काही विघ्न न आल्यास ती परत मिळत नाही, आणि भोजनाचे तर नावच काढू नये.

हे विवेचन सुचण्यास निमित्त झाले आमच्या सोसायटीतील एक निवृत्त नायब तहसीलदार. त्यांचे चिरंजीव न्यू जर्सीत एडिसन येथे स्थायिक आहेत, आणि तेथे दुसऱ्या नातवाचे आगमन व्हावयाचे असल्याने उभयता पतिपत्नींना अमेरिकेस पाचारण झाले होते. दहा वर्षांच्या मुदतीचा व्हिसा मिळाला, तिकिटे आली, भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांची पुडकी वहिनींच्या देखरेखीखाली तराजूत चढू-उतरू लागली, आणि अशा वेळी चिरंजीवांचा दूरध्वनी आला की, "बाबा, बाकी काही आणू नका, पण इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात बसू नका." पस्तीस वर्षे मुलकी खात्यात काढलेल्या त्या गृहस्थाने आयुष्यात कोणताही दस्तऐवज न वाचता सही केलेली नव्हती. सबब विम्याचा कागदही ते वाचणार हे उघड होते, आणि त्या वाचनाचे साक्षीदार म्हणून शेजारधर्मास अनुसरून माझी नेमणूक झाली.

प्रथम प्रश्न उपस्थित झाला तो असा की, विमा मुळात हवाच कशासाठी? या बाबतीत युरोपचे वळण कारकुनी आहे. युरोपीय संघाने शेंगेन राष्ट्रांसाठी 2009 साली मंजूर केलेल्या व्हिसा संहितेच्या पंधराव्या कलमात असे नमूद आहे की, अर्जदाराजवळ किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा असावा, तो सर्व सदस्य राष्ट्रांत व मुक्कामाच्या संपूर्ण मुदतीत लागू असावा, आणि तातडीचे उपचार, रुग्णालयातील वास्तव्य, प्रकृतीच्या कारणास्तव स्वदेशी रवानगी आणि मृत्यू एवढ्या बाबींचा खर्च त्यातून भागावा. म्हणजे पॅरिसचा मनोरा पाहावयास येणाऱ्याने स्वतःच्या उत्तरक्रियेची तजवीज करूनच तो पाहावा. अमेरिकेचे तसे नाही. तिची वकिलात आपली बोटे उमटवून घेते, परत येण्याचा इरादा तपासते, मुलगा काय करतो आणि किती मिळवतो याची चौकशी करते. परंतु पर्यटकाने विमा उतरवलाच पाहिजे अशी अट ती घालीत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा केवढा हा आदर! तेथे 1986 सालापासून असाही एक कायदा आहे की, तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाची ऐपत न पाहता त्याला तपासणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. कायदा दयाळू आहे यात संशय नाही; मात्र प्रकृती स्थिर केल्याबद्दल आकारणी किती करावी याविषयी तो संपूर्ण मौन पाळतो, आणि त्यामुळे रुग्णाची प्रकृती ज्या सुमारास स्थिर होते नेमकी त्याच सुमारास त्याच्या नातलगांची अस्थिर होऊ लागते.

येथेच या व्यवहाराची मेख आहे. विमा उतरतो आईबापांच्या देहाचा, हप्ता बहुधा भरतात आईबाप, आणि झोप उडालेली असते ती मुलाची, कारण रुग्णालयाचा लखोटा येऊन पडतो तो त्याच्या पत्त्यावर. पुण्यात बसून आपण ज्याला "काय होतंय मला?" म्हणून झटकून टाकतो, ते तिकडे झाल्यास एका रात्रीच्या मुक्कामाचा हिशेब हजारो डॉलरांत जातो हे त्याला ठाऊक असते, आणि हे आपल्या वडिलांना समजावून सांगणे म्हणजे "तुम्ही आता म्हातारे झालात" असे सांगण्यासारखे आहे हेही त्याला ठाऊक असते. म्हणून तो बिचारा "सगळे जण काढतात" एवढेच म्हणतो. जे सगळे करतात ते आपण का करावे, हा प्रश्न विचारणे हा पुणेकराचा जन्मसिद्ध अधिकार असल्याने तेथून पुढे पंधरवडाभर वाद चालतो.

यथावकाश विमा प्रतिनिधी आला. तो तरुण होता, काखेत लॅपटॉप होता, आणि नायब तहसीलदारांना तो पहिल्या क्षणापासून "काका" म्हणू लागला, हे त्यांना रुचले नाही.

त्याने प्रथम भूगोल शिकवला. विमा कंपन्यांच्या भूगोलात खंड सात नसून मुख्यतः तीन आहेत: आशिया, अमेरिका व कॅनडा वगळून उरलेले जग, आणि अमेरिका व कॅनडासह संपूर्ण जग. पैकी तिसऱ्या खंडाचा हप्ता सर्वांत जड असतो. दोन शेजारी राष्ट्रांचा उल्लेख होताच उर्वरित पृथ्वीचा भाव एकदम वधारावा, यावरून तेथील वैद्यक किती उच्च दर्जाचे असेल याची कल्पना येते. मग इतिहासाऐवजी वयाचा तास झाला. चाळीसपर्यंत एक दर, साठपर्यंत दुसरा, सत्तरपर्यंत तिसरा, आणि त्यापुढे दर असे चढत जातात की वाढदिवसाच्या आत प्रयाण करण्याची बुद्धी व्हावी.

विम्याची रक्कमही 50,000 डॉलर, एक लाख, अडीच लाख, पाच लाख अशी पायरीपायरीने वर जाते. वहिनींना एक लाख डॉलर म्हणजे किती रुपये होतात हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "एवढ्यात तर इथे आख्खं रुग्णालय बांधून होईल. तुम्हांला काय करायचंय एवढं?" परंतु नायब तहसीलदारांची नजर वरच्या रकमेवर कधीच खिळत नसे. जमिनीच्या सात-बाऱ्यावर मालकाचे नाव पाहून जो खूश होतो तो फसतो, आणि जो 'इतर हक्क' या रकान्यात डोके घालतो तो वाचतो, हे त्यांनी तालुक्यातालुक्यांत पाहिले होते. त्यांनी थेट मागच्या पानांत प्रवेश केला आणि अर्ध्या तासाच्या आत असे शोधून काढले की, साठी उलटलेल्या प्रवाशाला खोलीचे भाडे, शल्यविशारदाचे शुल्क, भूल देणाऱ्याचे शुल्क, रुग्णवाहिका या प्रत्येक बाबीला स्वतंत्र पोटमर्यादा आहे. सबब लाखाचा आकडा केवळ शोभेपुरता असून प्रत्यक्षात माणसाला सर्व बाजूंनी एकाच वेळी आजारी पडल्याखेरीज त्याच्या जवळपासही पोहोचणे शक्य नाही.

"काका, विदाउट सब-लिमिटचा प्लॅनपण आहे ना," प्रतिनिधी म्हणाला. "थोडा प्रीमियम जास्त."

"मग तो आधी का दाखवला नाहीस?"

"तुम्ही आधी विचारलं नाही, काका."

शासकीय नोकरीत शोभून दिसावे असे हे उत्तर होते, आणि त्यानंतर नायब तहसीलदार त्या मुलाकडे किंचित आदराने पाहू लागले.

चिरंजीवांचा कल दुसरीकडे होता. भारतातील पॉलिसी घ्यावयाची तर निघण्यापूर्वी येथेच घ्यावी लागते. पण अमेरिकेतील कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी असलेल्या योजना तिकडे उतरल्यावरही घेता येतात, आणि तेथील डॉक्टर त्या अधिक ओळखतात, असे त्याचे म्हणणे. त्या योजनांतही दोन कुळी. एकीत प्रत्येक बाबीला कमाल रक्कम ठरवून दिलेली असते. क्ष-किरणाला इतके, डॉक्टरच्या भेटीला इतके, आणि वरचे सारे तुमचे. ही स्वस्त असते, आणि ज्याला आजारी पडावयाचे नाही त्याच्यासाठी ती फार उत्तम. दुसऱ्या कुळीत डिडक्टिबल नावाची रक्कम, समजा 250 डॉलर, आधी आपण सोसावयाची, नंतर काही मर्यादेपर्यंत शेकडा 80 त्यांनी आणि 20 आपण, व त्यापुढे विम्याच्या रकमेपर्यंत सगळे त्यांनी. यातील पहिल्या अटीवर घरात फार मोठे मतभेद झाले. डिडक्टिबल जितकी जास्त पत्करावी तितका हप्ता उतरतो. म्हणून चिरंजीव म्हणे, मोठी घ्या, कारण भीती किरकोळ खर्चाची नसून मोठ्या संकटाची आहे. हा युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु मोठे संकट आपल्यावर येणार नाही अशी आपली श्रद्धा असते आणि किरकोळ पडसे हटकून येणार असा अनुभव असतो, त्यामुळे मराठी मध्यमवर्गीय मनुष्य विमा घेतो तो पडशाचा. हत्ती अंगावर आला तर बघू, पण चिलटाची भरपाई आधी मिळाली पाहिजे.

सर्वांत बिकट प्रसंग अर्ज भरताना आला. पूर्वीपासून असलेल्या आजारांची यादी द्या, असे एक कलम त्यात असते. आपल्याकडे आजार ही लपविण्याची वस्तू कधीच नव्हती. लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट पुढे येताच दोन परके गृहस्थ एकमेकांना आपापली उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सांगतात, रक्तदाबाचे वरचे आणि खालचे आकडे पाढ्यासारखे म्हणतात, आणि एकाची अँजिओप्लास्टी झालेली असली तर त्याच्याभोवती कोंडाळे जमते. परंतु तेच वर्तमान छापील अर्जावर विचारले गेले की सारा समाज क्षणार्धात निरोगी होतो.

"अहो, माझी ती थोडीशी साखर," वहिनी म्हणाल्या, "ती काय लिहायची? गोळी तर अर्धीच घेते मी."

"अर्धी घेतेस की पाव, कलमात गोळीचा आकार विचारलेला नाही. आजार आहे की नाही, एवढंच आहे."

"पण तुमचा बीपी लिहिला तर पैसे वाढतील."

"नाही लिहिला आणि तिकडे काही झालं, तर क्लेम नामंजूर होईल. वाढलेले पैसे दिसतात तरी."

या एका बाबतीत मी नायब तहसीलदारांच्या बाजूने निःसंदिग्ध कौल देतो. जे आहे ते लिहावे. कंपनीला आपल्या प्रकृतीची खरी जिज्ञासा अर्जाच्या वेळी नसते, दाव्याच्या वेळी असते, आणि तेव्हा ती इतकी प्रखर होते की वीस वर्षांपूर्वीच्या कुटुंबवैद्याची चिठ्ठीही तिला हवीशी वाटू लागते. तथापि लिहिल्याने सर्व भागते असेही नाही. आपल्याकडील बहुतेक पॉलिसींत जुन्या आजाराचा खर्च मुळीच मिळत नाही, मिळालाच तर प्राण संकटात आल्यावरच. आणि अमेरिकी योजनांत एक सूक्ष्म भेद आहे, तो असा की, जुना आजार एकाएकी, कोणतीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि चोवीस तासांच्या आत उपचार सुरू झाले तरच तो ग्राह्य, त्यातही वयाची अट निराळी. म्हणजे छातीत कळ यायची तर तिने आदल्या दिवशी वर्दी देता कामा नये. सभ्य माणसाचा आजार हळूहळू, घरच्यांना सावरावयास वेळ देत येतो. विम्याला तसला सालस आजार चालत नाही, त्याला दरोडेखोर लागतो.

यानंतर खैरातीचा अध्याय आला, आणि मला वाटते विम्याच्या कागदातील खरे वाङ्मय हेच. विमानाचे अपहरण झाल्यास प्रवाशाला दररोज काही डॉलर भत्ता मिळतो. मात्र पहिले काही तास वगळून! अपहरणकर्त्यांनी प्रवाशाला दुपारच्या आत सोडून दिले तर दौऱ्याचा भत्ता बुडालाच. काही उंची पॉलिसींत आणखी एक बाब आढळते: गोल्फच्या मैदानावर एकाच फटक्यात चेंडू भोकात घातल्यास, त्या आनंदाप्रीत्यर्थ मित्रमंडळींना दिलेल्या मेजवानीचा खर्च कंपनी सोसते. नायब तहसीलदारांनी हे कलम दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले, आणि समासात पेन्सिलीने 'खुलासा व्हावा' असा शेरा मारला.

"काका, ते तुम्हांला लागू नाही पडणार," प्रतिनिधी म्हणाला.

"कशावरून?" नायब तहसीलदार म्हणाले. "सहा महिने मोकळाच असणार आहे मी तिकडे."

प्रवाशाच्या जिवाची किंमत ठरवण्याची ही विद्या फार जुनी नाही, पण ती पहिल्यापासून स्पष्टवक्ती आहे. लंडनच्या रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅशुरन्स कंपनीने 1849 साली आगगाडीच्या अपघाताचा विमा सुरू केला तेव्हा पहिल्या वर्गाच्या उतारूस तीन पेन्समध्ये 1,000 पौंडांचा, दुसऱ्या वर्गास दोन पेन्समध्ये 500 पौंडांचा आणि तिसऱ्या वर्गास एका पेनीत 200 पौंडांचा विमा मिळे. म्हणजे गाडी एकच, रूळ एकच, घसरणेही एकच. मरणाला मात्र वर्ग तीन. अमेरिकेत 1864 च्या सुमारास हार्टफर्ड गावी जेम्स बॅटरसन नावाच्या गृहस्थांनी टपालकचेरीपासून घरापर्यंत पायी जाणाऱ्या एका पेढीवाल्याचा विमा दोन सेंट घेऊन उतरवला, आणि त्यातून एक प्रचंड कंपनी उभी राहिली, असे सांगतात. आपल्या रेल्वेने 2016 साली तिकिटाबरोबर 92 पैशांत दहा लाखांचा विमा देऊ केला, पुढे तो आणखी स्वस्त झाला, तरी तिकीट काढताना त्या चौकोनापुढे थबकून "कशाला उगाच?" असे म्हणणारे सद्गृहस्थ मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. ते पैशांची काटकसर करीत नसतात; अभद्र काही बोलू नये या संस्काराला ते जागत असतात.

आणि अभद्र बोलल्यावाचून तर विम्याचे एकही पान उलटत नाही. 'पार्थिव देहाची मायदेशी रवानगी अथवा तेथेच अंत्यसंस्कार' या कलमापाशी आल्यावर खोलीत थोडी शांतता पसरली. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या विषयाला कधी तोंड फुटले नव्हते तो आता चहाच्या कपांमध्ये छापील स्वरूपात पडला होता. दोघांपैकी कोणासाठी तो लागू होईल हे कलमात लिहिलेले नव्हते. लिहिले होते ते फक्त 'विमेदार' असे.

अखेर वहिनीच म्हणाल्या, "मला काही परत आणत बसू नका हो. आधीच सामानाचं वजन जास्त झालंय."

त्या एका वाक्याने पॉलिसी मंजूर झाली. पोटमर्यादा नसलेली, जुने आजार नमूद केलेली, डिडक्टिबल मध्यम, गोल्फ वजा.

पुढील वृत्तांत संक्षेपाने सांगण्याजोगा आहे. जाताना एक बॅग मागे राहिली. सामान बारा तासांहून अधिक उशिरा आल्यास भरपाई, असे कलम होते. ती अकराव्या तासाला दारात आली, आणि आणून देणाऱ्या इसमाला नायब तहसीलदारांनी "एवढी घाई नव्हती" असे इंग्रजीत सांगितल्याचे चिरंजीव शपथेवर सांगतात. डिसेंबरात त्यांना खोकला झाला. जवळच्या दवाखान्यात नेले, तेथे घसा पाहिला, छाती तपासली, आणि जे बिल झाले ते डिडक्टिबलच्या आत मावले. सबब कंपनीने एक डॉलरही न देता पत्र मात्र सविस्तर पाठवले. त्या पत्राची मांडणी, कलमांचे संदर्भ आणि नकार देण्याची अदब यांची नायब तहसीलदारांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. मुलकी खात्यात असे पत्र लिहिणारे आता उरले नाहीत, असे ते म्हणतात. बाकी सहा महिने उभयतांची प्रकृती ठणठणीत राहिली, आणि हप्त्याची पावती पाहिली की त्यांना त्या ठणठणीतपणाची थोडी खंत वाटते. पैसे वसूल झाले नाहीत, हे दुःख आरोग्याने भरून निघत नाही.

चिरंजीवांचे मात्र पैसे वसूल झाले. सहा महिने त्याला रात्री झोप लागली, आणि ज्या कलमाखाली ती लागली ते कागदात कोठेही छापलेले नाही. तेव्हा ज्या आईबापांना यंदा बोलावणे आले असेल त्यांनी हप्त्यावरून मुलाशी फार हुज्जत घालू नये. कागद मात्र मागून पुढे वाचावा, कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक पासपोर्टाच्या जोडीने ठेवावा, आणि रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पूर्ण मुदतीच्या येथूनच न्याव्यात, कारण त्यांचा खर्च सहसा कोणतीही पॉलिसी देत नाही. चष्मा आणि कवळी यांचीही तीच गत आहे. दाताला तर असह्य ठणका लागल्यावर वेदना थांबवण्यापुरतेच पैसे मिळतात. तेव्हा जो दात हलतो आहे तो जाण्यापूर्वी येथेच काढून टाकावा.